आईची गाडी, दादाचं इंजिन

बाईंना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, भाषा शुद्ध होत असे. एरवी "हे काय चाललंय?" म्हणणाऱ्या बाई पारा चढला की "हे नेमके काय चालले आहे, ते कृपया सांगाल का?" असं विचारत. त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. 'कृपया' हा शब्द कानावर पडला की वर्गातल्या मुली हाताची घडी घालून भिंतीकडे बघत बसायच्या. गाडीच्या त्या प्रकरणात बाईंनी जितके 'कृपया' खर्च केले, तितके त्यांच्या उभ्या आयुष्यात झाले नसतील.

खरं म्हणजे प्रकरण गाडीचं नव्हतंच. गुडघ्याचं होतं.

बाईंच्या आईचा उजवा गुडघा वाकत नसे. घरातल्या घरात आई काठी टेकत फिरायची, पण गाडीत बसायचं म्हणजे संकट. "या नव्या गाड्यांचं असं आहे," आई म्हणायची, "एक तर विहिरीत उतरा, नाही तर माळ्यावर चढा." बाईंनी फूटपट्टी घेऊन ओळखीतल्या सगळ्या गाड्यांच्या आसनांची उंची मोजली होती. टॅक्सीस्टँडवर त्या मोजायला वाकल्या तेव्हा एका ड्रायव्हरने विचारलंही होतं, "काही पडलं का तुमचं?" निष्कर्ष एकच निघाला. आईला नीट बसता येईल अशी जगात एकच गाडी होती, ती म्हणजे घरातलीच जुनी, चौकोनी, फिक्या निळ्या रंगाची. तिचं दार ऐसपैस उघडायचं आणि आसन स्वयंपाकघरातल्या स्टुलाइतकंच उंच होतं. आई आधी बसायची, मग पाय आत घ्यायची. आणि नेमकं त्याच गाडीचं इंजिन जाम होऊन बसलं होतं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मधे मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आता तिची मुलगी तिला कायमची आपल्या गावी घेऊन जाणार होती. जाण्याआधी मावशीने नात्यातल्या कुणालातरी फोनवर म्हटलं, "ताई कुठली येतेय भेटायला! तिचं जग आता खिडकीपुरतं." जगात विजेचा वेग सर्वात जास्त, असं ज्यांना वाटतं त्यांना नातेवाईक नसावेत. वाक्य संध्याकाळच्या आत आईपर्यंत पोचलं.

आईने मावशीला फोन लावला. दोघींनी एकमेकींवर फोन आपटला. मग आईने काठी जमिनीवर आपटली.

"मी जाणार. तिच्या दारात माझ्या पायांवर उभी राहणार. मग बघते ती काय बोलते."

"आई, टॅक्सीत तुला बसता येत नाही. आपण तिलाच इकडे बोलावू," बाई म्हणाल्या.

"ती आली तर तिचंच खरं झालं की!"

या युक्तिवादात बाईंना खोट सापडेना. मावशी निघणार होती त्या रविवारच्या आत निळी गाडी रस्त्यावर आणायची, असं ठरलं.

निळ्या गाडीचं इंजिन आता कुणी बनवत नव्हतं. पण दादाकडे, म्हणजे बाईंच्या मोठ्या भावाकडे, एक इंजिन पडून होतं. त्याची झकपक गाडी रस्त्याकडेला उभी असताना एका टेम्पोने तिला बाजूने ठोकलं होतं. गाडीचा चुराडा झाला, तिचा आपोआप चालणारा गिअरबॉक्सही फुटला, पण इंजिन धडधाकट राहिलं. दादा ते देताना असा बोलला, जणू स्वतःचं हृदय काढून देतोय.

"ने. आईसाठी म्हणून देतोय. मात्र गिअरबॉक्स तुझा तू बघ."

"निळ्या गाडीचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स चांगला आहे. पण तो या इंजिनाला बसेल का?"

"इंजिन ते इंजिन. सगळी सारखीच असतात," दादा म्हणाला. दादा कापडाच्या व्यवसायात आहे, हे इथे सांगितलेलं बरं.

मिस्त्रीचं गॅरेज कोपऱ्यावरच होतं. त्याने इंजिन पाहिलं, गिअरबॉक्स पाहिला आणि मानवी शरीराच्या भाषेत अडचण समजावून सांगितली. त्याने वापरलेले अवयव वेगळे होते. बाईंनी मनातल्या मनात त्यांना 'इंजिनाची मागची बाजू' आणि 'गिअरबॉक्सची पुढची बाजू' अशी नावं दिली. या दोन बाजू एकमेकींना टेकून बोल्टांनी आवळलेल्या असतात. पण दोघांच्या बोल्टांची भोकं वेगवेगळ्या जागी होती. म्हणून मधे एक जाड पोलादी प्लेट हवी, जिच्यावर एका बाजूने इंजिन बसेल आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्स.

"होऊन जाईल, ताई," मिस्त्री म्हणाला. "अंदाजे भोकं पाडू, मग कानशीने थोडं इकडेतिकडे करू."

'अंदाजे' हा शब्द बाईंना शिवीसारखा लागायचा. "अंदाजे काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "मापं मी घेईन."

आणि इथून घोडं पेंड खाऊ लागलं.

बाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेतला, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घरी आणला. इंजिन आणि गिअरबॉक्स सोसायटीच्या आवारात, निळ्या गाडीशेजारी जुन्या गादीवर ठेवले होते. बाई दोन्हींसमोर पाट टाकून बसल्या आणि भोकांमधली अंतरं मोजू लागल्या. एखादी बाई आवारात लोखंडासमोर पाट टाकून बसली की सोसायटीत काम कुणालाच सुचत नाही. सगळ्यांत आधी सेक्रेटरी आले. त्यांना सगळे पाठीमागे 'सूचनापेटी' म्हणत. फरक इतकाच, की पेटीत लोक सूचना टाकतात आणि हे बाहेर टाकत.

"बाई, पोलादी प्लेट नको. लाकडी फळी घाला. लाकूड श्वास घेतं."

बाईंनी मोजणं चालू ठेवलं.

"नाही तर मधे रबर घाला. धक्के खाल्ले जातील. आमच्या मिक्सरखाली घातलंय मी."

बाईंनी आकडा लिहून घेतला.

"मी काय म्हणतो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा आईंचा गुडघाच बदलून घ्या ना. आता काय, सर्रास करतात."

बाईंनी व्हर्निअर खाली ठेवला. "आपण कृपया आपल्या फुलझाडांना पाणी घालाल का?" त्या म्हणाल्या. सूचनापेटींना ती आपुलकीची चौकशी वाटली. "सकाळीच घातलं," ते म्हणाले आणि खुर्ची आणायला गेले.

बाईंचे यजमान विमा कंपनीत होते. दिवसभर लोकांना आपत्तींविषयी सांगत असल्यामुळे घरी त्यांना प्रत्येक गोष्टीत चांगलंच दिसायचं. त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'निदान' या शब्दाने व्हायची. "निदान तुला मोकळी हवा मिळतेय," ते खिडकीतून म्हणाले. बाईंना त्या क्षणी व्हर्निअरचा एक नवा उपयोग सुचला होता, पण उपकरण शाळेचं होतं.

मापं झाली. बाईंनी एका मोठ्या पुठ्ठ्यावर प्लेटचा साचा कापला. या कामात एक हमखास फसगत होते, आणि ती त्यांच्या आधीच लक्षात आली होती. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्या हातासमोर येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सही समोरासमोर असतात, म्हणून एकाची भोकं पुठ्ठ्यावर उलटवून काढावी लागतात. बाईंनी ती उलटवली, पुन्हा तपासली, आणि पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'ही बाजू इंजिनाकडे.'

प्लेट आली. इंजिनावर बसेना. उलटी करून पाहिली, तर भोकं जुळली, पण बोल्टांची डोकी बुडावीत म्हणून एका बाजूने त्यांची तोंडं रुंद केलेली होती. ती आता भलत्याच बाजूला गेली होती.

"ताई, वर्कशॉपवाल्याने पुठ्ठा पालथा ठेवला," मिस्त्री म्हणाला. "त्याचं म्हणणं, अक्षरं वर ठेवली तर खडूच्या रेघा नीट दिसत नाहीत. कोऱ्या बाजूने काम स्वच्छ होतं."

"त्या अक्षरांचा हेतू काय असावा, असे त्यांना वाटले?"

"त्याला वाटलं, खोक्यावर आधीपासूनच छापलेलं असेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या शांतपणे दुसरा पुठ्ठा कापायला बसल्या. या वेळी त्यांनी दोन्ही बाजूंना लिहिलं. एका बाजूला 'ही बाजू इंजिनाकडे' आणि दुसऱ्या बाजूला 'ही नव्हे'. आणि वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन, ड्रिलच्या यंत्रासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तिथल्या माणसाने नंतर मिस्त्रीला सांगितलं म्हणे, की परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

दुसरी प्लेट मात्र अशी बसली की बघत राहावं. बोल्ट हाताने फिरवले तरी आत जात होते. क्लचच्या चकतीचा मधला भाग निळ्या गाडीचा आणि कडेचा भाग दादाच्या गाडीचा, अशी एक संकरित चकतीही मिस्त्रीने जमवली. स्टार्टर दादाच्या गाडीचाच राहिला. इंजिन, प्लेट, गिअरबॉक्स असं सगळं एकसंध होऊन निळ्या गाडीच्या पोटात गेलं. बाईंनी शेवटचा बोल्ट स्वतः आवळला आणि आवारात कुणी बघत नाही असं पाहून बॉनेटवर हलकेच थाप मारली. अभिमान हा असा चोरून करावा लागतो, तेव्हाच ओळखावं की पुढे खड्डा आहे.

इंजिन बदललं की वाहन कार्यालयात नोंद करावी लागते. बाई अर्ज घेऊन खिडकीपाशी गेल्या. खिडकीतला कारकून चहात बिस्किट बुडवत होता.

"गाडी दाखवायला आणा," तो म्हणाला.

"नोंद होण्याआधी ती रस्त्यावर चालवता येते का?"

"छे! दंड होईल."

"मग आणायची कशी?"

"उचलून आणा. ट्रकवर घालून."

"ट्रकवरून आणलेली चालेल?"

"नाही चालणार. गाडी चालते की नाही, ते आम्हाला कसं कळणार? चालवत आणली पाहिजे."

बिस्किट तुटून चहात पडलं. कारकुनाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. बाईंनी एक खोल श्वास घेतला.

"आपण आत्ता जी दोन विधाने केलीत, ती परस्परविरोधी आहेत. दोन्ही एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत. त्यांपैकी कोणते विधान हे कार्यालय ग्राह्य धरते, ते मला कृपया सांगाल का?"

कारकुनाने चमचा खाली ठेवला. इतकी शुद्ध भाषा त्याने फक्त वरून आलेल्या आदेशांत वाचली होती. "मॅडम," तो उभा राहत हळूच म्हणाला, "आपण तपासणीला आलात का?"

बाईंना इतका राग आला होता की त्या काहीच बोलल्या नाहीत. कार्यालयांत न बोलणारा माणूस फार मोठा असतो. शनिवारी निरीक्षक साहेब स्वतः घरी येऊन गाडी बघतील, असं तिथल्या तिथे ठरलं.

शनिवारी सकाळी आवारात लग्नाला नसतात इतकी माणसं जमली. आई खिडकीत खुर्ची टाकून बसली होती. मिस्त्री स्वच्छ शर्ट घालून आला होता. निळी गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्या मागे सूचनापेटींच्या फुलझाडांच्या कुंड्यांची रांग होती.

"चालवून पाहिलीस ना रे?" बाईंनी हळूच विचारलं.

"जॅकवर चढवून पाहिली, ताई. चाकं गरगर फिरली."

निरीक्षक सडसडीत होते आणि त्यांना घाई होती. त्यांनी इंजिनाचा नंबर पाहिला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवून घेतला. मग फाटकाजवळ जाऊन उभे राहिले.

"हं. या पुढे."

बाईंनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि हळूच पाय उचलला. काडीचाही आवाज न करता, अगदी घरंदाजपणे, गाडी मागे गेली. एक कुंडी फुटली.

"बाई! शेवंती!" सूचनापेटी ओरडले.

बाईंनी गाडी थांबवून गिअर पाहिला. पहिलाच होता. तो नीट पडला नसेल, असं वाटून त्यांनी दुसरा टाकला. गाडी अधिक उत्साहाने मागे गेली. आणखी दोन कुंड्या.

"पुढे, बाई, पुढे! पुढे म्हणजे इकडे!" सूचनापेटी दोन्ही हातांनी दिशा दाखवू लागले. त्यांच्या मागे उभी असलेली सगळी सोसायटी हात हलवू लागली. इतकी वर्षं मुलींना गती शिकवणाऱ्या बाईंना पंचवीस माणसं मिळून 'पुढे' कुठे असतं ते दाखवत होती.

"पुढे कोणत्या बाजूला आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे," बाई काचेआडून म्हणाल्या. आणि मग त्यांनी शांतपणे रिव्हर्स टाकला.

गाडी पुढे निघाली. निरीक्षक उडी मारून फाटकाआड गेले.

बाईंनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. सगळं लख्ख कळलं होतं. घड्याळाचे काटे डावीकडून उजवीकडे फिरतात, पण घड्याळाच्या मागे जाऊन पाहिलं तर उजवीकडून डावीकडे. दादाच्या गाडीत हे इंजिन पलीकडच्या अंगाला बसवलेलं होतं आणि उलट दिशेने फिरत होतं. तिथे ते बरोबर होतं. इथे अलीकडच्या अंगाला आल्यावर तेच फिरणं उलटं झालं होतं. म्हणून पुढे जाण्याचे सगळे गिअर मागे जाणार, आणि मागचा एकुलता एक गिअर पुढे. अंतरं त्यांनी केसाच्या जाडीपर्यंत मोजली होती. इंजिन फिरतं कुठल्या बाजूला, हे कुणालाही विचारलं नव्हतं. उत्तरात दिशा लिहिली नाही म्हणून त्या मुलींचा अर्धा गुण कापत आल्या होत्या, आणि त्यावर रडणाऱ्या मुलींना 'अर्ध्या गुणासाठी काय रडायचं' असंही म्हणाल्या होत्या.

त्या खाली उतरल्या. "जॅकवर चाकं फिरली, ती कुठल्या बाजूला?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"ते तुम्ही विचारलंच नव्हतं, ताई," मिस्त्री दुखावून म्हणाला.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, आसनं उलटी बसवा. कुणी म्हणालं, मागचे दिवे पुढे आणि पुढचे मागे लावा, कुणाला कळायचं नाही. सूचनापेटी कुंडीचे तुकडे जुळवत म्हणाले, "मी लाकडाची फळी म्हणालो होतो." यजमान म्हणाले, "निदान चालते तरी!" बाईंनी दादाला फोन लावला.

"काय सांगतेस!" दादा म्हणाला. "आमच्याकडे होतं तोवर असं काही नव्हतं हो. अगदी सरळ होतं. तुमच्याकडे आल्यावरच हे असं."

सासरी दिलेल्या मुलीची बाजू घेणाऱ्या बापासारखा तो बोलत होता. बाईंनी फोन बंद केला.

राहता राहिले निरीक्षक. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. "बाई, नियम असा आहे की वाहन पुढे गेलं पाहिजे. ते जातं. आणि वाहनाला मागे जाण्यासाठी निदान एक गिअर असला पाहिजे. तुमच्याकडे चार आहेत." त्यांनी सही केली. "कुठल्या दांडीने कुठे जाता, तो तुमचा घरगुती प्रश्न."

मिस्त्रीच्या मते सगळं पुन्हा खोलावं लागणार होतं. उलट फिरणाऱ्या इंजिनाला चालणारा गिअरबॉक्स शोधायचा, त्याची नवी प्लेट बनवायची, म्हणजे महिना तरी गेलाच. रविवार उद्यावर आला होता. बाई जिना चढून आईसमोर उभ्या राहिल्या.

"आई, चार गिअर मागे जाणारे आहेत. पुढे जाणारा एकच, आणि तोही अगदी हळू."

आईने खिडकीतून सगळं पाहिलंच होतं. "एक आहे ना?" ती म्हणाली. "मला तिथवर जायला किती लागतात?"

रविवारी सकाळी आई निळ्या गाडीत आधी बसली, मग तिने पाय आत घेतले. यजमान पुढे बसले. बाईंनी रिव्हर्स टाकला आणि गाडी कण्हत, रडत, फाटकाबाहेर पडली.

रिव्हर्स हा गिअर दूर जाण्यासाठी बनवलेला नसतो. इंजिन ऊर फुटेस्तोवर किंचाळत होतं आणि गाडी पायी चालणाऱ्यांपुढे लाजत होती. एक हातगाडीवाला पुढे निघून गेला आणि मागे वळून हळहळला. त्याहून वाईट म्हणजे मागचा पांढरा दिवा. रिव्हर्स टाकला की तो पेटतो, आणि मागच्या प्रत्येकाला वाटतं की ही आता आपल्या अंगावर येणार. मागच्या गाड्या करकचून थांबत, हॉर्न वाजवत, मग अविश्वासाने बाजूने निघून जात. जाताना प्रत्येक जण काच खाली करून बाईंना काहीतरी सांगे.

"ताई, गिअर चुकलाय!"

"मला कल्पना आहे," बाई म्हणत.

"अहो, रिव्हर्समध्ये आहे गाडी!"

"मला पूर्ण कल्पना आहे."

"जोरात हाण की जरा!" मागून आई कडाडली. "ती निघून जाईल!"

"आई, ही याहून जोरात जात नाही."

"मग चार कशाला ठेवलेत?"

"निदान," यजमान म्हणाले, "निदान आजूबाजूची दुकानं तरी नीट..."

"गप्प बसा!" बाई ओरडल्या. मोठ्याने. व्याकरणाशिवाय, कृपयाशिवाय. शेजारून जाणारा सायकलवालासुद्धा गप्प झाला. यजमान उरलेला रस्ताभर हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले, आणि बाईंना त्या सकाळी पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मावशीचं घर एका बंद गल्लीच्या टोकाला होतं, दुमजली, वर हिरवी खिडकी असलेलं. निळी गाडी किंचाळत गल्लीत शिरली तेव्हा दारात टॅक्सी उभी होती. सामान भरून झालं होतं, मावशीची मुलगी आत बसली होती. मावशी कुलूप लावत होती. आवाज ऐकून तिने वळून पाहिलं.

बाई धावत जाऊन दार उघडायला लागल्या, तर आईने त्यांचा हात बाजूला केला. तिने स्वतः दार उघडलं. पाय बाहेर काढले, दाराची कड धरली, दात-ओठ खाल्ले आणि उठली. काठी गाडीतच होती. ती तशीच दोन पावलं पुढे गेली आणि मावशीसमोर सरळ उभी राहिली.

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलीस?" मावशी म्हणाली. "एवढ्या उन्हाची कशाला आलीस?"

"खिडकीतून दिसेनास, म्हणून."

मावशीचं तोंड कसनुसं झालं. "म्हटलं असेन मी. पण फोन तू आपटलास."

"आधी तू आपटलास."

"मी ठेवला. तू आपटलास."

"जाते आहेस ते सांगायलासुद्धा तू दुसऱ्यांना सांगितलंस! मला का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर जाता आलं असतं का मला?" मावशी एकदम चिडून म्हणाली, आणि किल्ली पर्समध्ये टाकायला गेली, ती खाली पडली. दोघींपैकी कुणालाच वाकता येईना. बाईंनी ती उचलून दिली.

"आजी," टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "ती निळी गाडी मागे घ्यायला सांगा. ती गल्लीबाहेर गेल्याशिवाय मला निघता येणार नाही."

मावशीने टॅक्सीकडे पाहिलं, मग निळ्या गाडीकडे. "तू ये मागून," ती त्याला म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत मी हिच्यात बसते." आणि आईला ढकलत, आईकडून ढकलून घेत, मागच्या आसनावर चढली.

बाई स्टिअरिंगवर बसल्या. आता मागेच जायचं होतं. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघू लागल्या. इंजिनाने किंचाळणं सोडलं. गाडी लोण्यासारखी मागे सरकली.

मागे वळल्यामुळे बाईंना त्या दोघींचे चेहरे दिसत होते. दोघी पुढच्या काचेतून समोर बघत होत्या. टॅक्सीच्या टपावरून ते घर दिसत होतं, आणि हळूहळू लहान होत होतं. आईने मावशीचं मनगट धरून ठेवलं होतं, चोराचं धरावं तसं.

"वरची खिडकी उघडी राहिली वाटतं," मावशी म्हणाली.

"राहू दे."

"माझं डोकं दुखतंय."

"मग इकडे टेक."

दोघींची डोकी जवळ आली आणि बाईंना मागचा रस्ता दिसेनासा झाला. "डोकी जरा बाजूला घ्या," त्या म्हणाल्या, "मला काही दिसत नाही." कुणी हललं नाही. बाईंनी मान उंच केली आणि सवयीने दुसरा गिअर टाकला. गाडीने लगेच वेग घेतला.

मावशीने पुढच्या आसनाच्या पाठीवर चापट मारली.

"अगं, काय घाई आहे तुला मेली! हळू घे की!"

बाईंनी गाडी पुन्हा पहिल्यात टाकली.